डाव्या हाताची जागा : कार्बाइनच्या हँडगार्डचा इतिहास

रायफल हातात घेतली की उजव्या हाताला विचार करावा लागत नाही. ट्रिगर जिथे आहे तिथेच त्याला जायचं असतं. डावा हात मात्र गेली सव्वाशे वर्षं आपली जागा शोधतो आहे. (डावखुऱ्यांनी हे उलटं वाचावं.) कधी त्याच्याखाली लाकूड होतं, कधी भोकं पाडलेली लोखंडी नळी, कधी काळं प्लास्टिक, आणि आता खाचा पाडलेलं ॲल्युमिनियम.

हल्ली नव्या पोरांच्या गप्पांत एक प्रश्न हमखास असतो. "साहेब, हलक्या कार्बाइनला रेल किती इंची चांगली? सात, नऊ की तेरा?" मोबाइलवर परदेशी कमांडोंचे फोटो पाहिलेले असतात. त्यांची रेल नळीच्या तोंडापर्यंत गेलेली असते, म्हणून तेच चांगलं, असा हिशेब असतो. मी या प्रश्नाला लगेच इंचांत उत्तर देत नाही. हे तीन आकडे कुणी हौसेने ठरवलेले नाहीत. प्रत्येकामागे एक ठरावीक अडचण होती. ती अडचण आपली असेल तर तो आकडा आपला, नाहीतर ते नुसतं ओझं.

लाकूड कापलं, वजन उतरलं

थ्री-नॉट-थ्री आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली आहे. इशापूरच्या कारखान्यात बनलेली ली-एनफिल्ड तर कितीतरी पोलीस ठाण्यांत अनेक दशकं उभी होती. तिचं लाकूड बटापासून थेट नळीच्या तोंडापर्यंत जातं, खालूनही आणि वरूनही. याला कारण होतं. पटापट गोळ्या झाडल्या की नळी तापते आणि उघड्या नळीला हात लावता येत नाही. संगीन लावून भिडायची वेळ आली तर हात कुठेही पडू शकतो. म्हणून सगळीकडे लाकूड. लाकडाचा आणखी एक गुण त्या काळी कुणी मुद्दाम सांगत नसे. ते राजस्थानच्या उन्हात हात भाजत नाही आणि बर्फात हाताला डसत नाही. पुढे हा गुण हरवला तेव्हा त्याची किंमत कळली.

दुसऱ्या महायुद्धात पूर्वेकडच्या जंगलांत लांब रायफल वेलींत अडकू लागली. छोटी, हलकी रायफल हवी अशी मागणी आली आणि 1944 मध्ये ब्रिटिशांनी ली-एनफिल्डची नंबर 5 ही आवृत्ती काढली. तीच पुढे 'जंगल कार्बाइन' म्हणून प्रसिद्ध झाली. नंबर 4 रायफल चार किलोंच्या थोडी वर होती, ही सव्वातीन किलोंच्या आत आली. नळी आखूड केली, नळीच्या मुळाशी आणि बॉडीवर जिथे जमेल तिथे लोखंड खरवडून काढलं, आणि पुढचं लाकूड निम्म्यावर कापलं. हलक्या कार्बाइनसाठी हँडगार्डची लांबी मुद्दाम कमी केल्याचं हे ठळक उदाहरण आहे.

मग तक्रारी आल्या. आखूड नळीमुळे भडका मोठा, म्हणून तोंडाला फनेलसारखा फ्लॅश हायडर बसवावा लागला. वजन घटल्यामुळे धक्का वाढला. सगळ्यात वाईट म्हणजे झीरो टिकत नाही अशी ओरड झाली. आज झीरो केलेली रायफल उद्या दुसरीकडेच मारते. चाचण्या झाल्या, दोष रचनेतच आहे असं ठरलं आणि 1947 मध्ये उत्पादन थांबलं. काही जाणकार आजही म्हणतात की हा दोष फुगवून सांगितला गेला, कारण लष्कराला तोवर स्वयंचलित रायफलकडे जायचं होतं. वाद बाजूला ठेवला तरी धडा उरतोच. नळीभोवती जे काही असतं ते फक्त हाताला धरायला नसतं. त्याचा आणि गोळी कुठे लागते याचा थेट संबंध आहे.

त्यानंतर आपल्याकडे आली 9 एमएम कार्बाइन, म्हणजे ब्रिटिश स्टर्लिंगची कानपूरला बनलेली बहीण. तिला वेगळा हँडगार्ड नाहीच. नळीभोवती भोकांची लोखंडी जाकीट आहे, हवा खेळते आणि नळी थंड राहते. नळी जेमतेम 20 सेंटिमीटरची, त्यामुळे डाव्या हाताला जागाही तेवढीच. पुढे सरकलात तर बोटं तोंडाशी, मागे सरकलात तर खोके बाहेर पडण्याच्या खिडकीशी. म्हणून उस्ताद लोक हाताची जागा घोटून घोटून शिकवत. आखूड शस्त्राचा हा कायमचा नियम आहे. नळी जितकी आखूड, तितका डाव्या हाताचा पर्याय कमी.

सात इंच कुठून आले

आता आजच्या कार्बाइनकडे येऊ. तिचं कुळ अमेरिकन एम-16 चं. या घराण्यात गोळीमागचा गॅस नळीतल्या एका छिद्रातून बाहेर येतो आणि बारीक गॅस ट्यूबमधून मागे जाऊन बोल्ट ढकलतो. छिद्रावर गॅस ब्लॉक बसतो, आणि जुन्या रचनेत त्याच्याच डोक्यावर फ्रंट साइट उभी असे. हँडगार्डचे दोन अर्धे भाग मागे स्प्रिंगच्या रिंगमध्ये आणि पुढे या फ्रंट साइटच्या मागच्या टोपीत अडकवले जात. म्हणजे हँडगार्डची लांबी हाताने ठरवली नव्हती, ती गॅसच्या छिद्राने ठरवली होती. छिद्र पुढे असेल तर हँडगार्ड लांब, मागे असेल तर आखूड.

एम-16 ची नळी 20 इंचांची. तिचा हँडगार्ड सुमारे 12 इंचांचा. सुरुवातीला तो त्रिकोणी होता. डावा तुकडा वेगळा, उजवा वेगळा, त्यामुळे एक तुटला की नेमका तोच शोधायचा. 1980 च्या दशकात आलेल्या एम-16 ए-2 वर तो गोल आणि कंगोऱ्यांचा झाला, दोन्ही तुकडे अगदी एकसारखे. स्टोअरच्या हवालदाराला एकच वस्तू ठेवायची. सैन्यात असे बदल कागदावर छोटे दिसतात, पण उपयोग मोठा असतो.

व्हिएतनाममध्ये अमेरिकन स्पेशल फोर्सेसना या रायफलीची आखूड आवृत्ती हवी होती. एक्सएम-177 आली, नळी आधी 10 इंच आणि नंतर साडेअकरा इंच. नळी कापली म्हणजे गॅसचं छिद्रही मागे आणावं लागलं, आणि हँडगार्ड उरला साधारण 7 इंचांचा. सात हा आकडा इथून आला.

1994 मध्ये एम-4 कार्बाइन स्वीकारली गेली. तिची नळी साडेचौदा इंचांची, पण गॅसचं छिद्र कार्बाइनच्याच जागी राहिलं. म्हणून हँडगार्डही सात इंचांचा राहिला आणि पुढे जवळजवळ तेवढीच नळी उघडी. वजन रिकाम्या स्थितीत तीन किलोंच्या आत. हलकी, सुटसुटीत, गाडीतून उतरताना न अडकणारी.

पण इथे एक हिशेब बिघडला होता. फ्रंट साइट मागे आल्यामुळे दोन साइटमधलं अंतर घटलं. एम-16 वर ते 50 सेंटिमीटर होतं, एम-4 वर 37 च्या आसपास. फ्रंट साइट डोळ्याच्या रेषेतून एक मिलिमीटर हलली तर 50 सेंटिमीटरच्या अंतराला 100 मीटरवर चूक होते 20 सेंटिमीटरची, आणि 37 च्या अंतराला 27 सेंटिमीटरची. लोखंडी साइटने मारणाऱ्याला सात इंचांची ही किंमत मोजावी लागत होती. रेड डॉट आणि होलोग्राफिक साइट आल्या तेव्हा ही अडचण सुटली. मग दुसरी उभी राहिली.

टेप, क्लॅम्प आणि रेल

रात्रीच्या लढाईला टॉर्च हवी. मग लेझर हवा. मग पुढची उभी मूठ हवी. प्लास्टिकच्या गोल हँडगार्डवर हे बसवायचं कुठे? पोरांनी जे केलं ते जगातल्या कुठल्याही सैन्यातल्या पोरांनी केलं असतं. टेप गुंडाळली, पाइपचे क्लॅम्प आवळले, टॉर्च बांधली. ती दोन फैरींत सैल व्हायची.

3 फेब्रुवारी 1995 ची तारीख या दृष्टीने महत्त्वाची आहे. त्या दिवशी अमेरिकन लष्कराचं 1913 क्रमांकाचं मानक निघालं. न्यू जर्सीतल्या पिकॅटिनी आर्सेनलवरून त्याला पिकॅटिनी रेल हे नाव पडलं. खाचेची रुंदी 5.23 मिलिमीटर, एका खाचेपासून दुसरीपर्यंत 10.01 मिलिमीटर. आता कुठल्याही कंपनीची दुर्बीण, टॉर्च किंवा लेझर कुठल्याही रायफलीवर बसणार, काढून परत त्याच खाचेत लावली की जवळपास तिथेच बसणार. शिंप्याने गजाचं माप ठरवून द्यावं तसं हे झालं.

नाइट्स आर्मामेंट कंपनीने एम-4 साठी प्लास्टिकच्या जागी चार बाजूंनी रेल असलेला ॲल्युमिनियमचा हँडगार्ड दिला. लांबी तीच, सात इंचांच्या आसपास, कारण फ्रंट साइट तिथेच होती. सात इंचांत टॉर्च, लेझर, मूठ आणि स्वतःचा हात मावेना. बरं, चारही बाजूंना दात असलेली रेल उघड्या हाताने तासभर धरून बघा. म्हणून तिच्यावर रबरी-प्लास्टिकची झाकणं आली. आणि तो हरवलेला गुण आठवा. ॲल्युमिनियम नळीची उष्णता लगेच हातापर्यंत आणतं. वाळवंटात दुपारी ते तव्यासारखं असतं, उंचावरच्या पोस्टवर पहाटे उघडा हात लावायची सोय नसते. तिथे जाड हातमोजे घालूनच धरायचं, आणि हातमोजा घातलेल्या हाताला जागा जास्त लागते. म्हणजे धातूमुळे आणखी इंच हवेत.

बारा आणि तेरा इंच

सात इंचांच्या हँडगार्डची दुसरी अडचण अचूकतेची होती. तो दोन्ही टोकांना नळीच्या आधाराने उभा असतो. स्लिंग ताणली, मूठ मागे ओढली, हँडगार्ड सँडबॅगवर टेकवला, की दाब नळीवर जातो. नळी किंचित वाकते आणि मार सरकतो. जंगल कार्बाइनच्या झीरोचं रडगाणं वेगळ्या कारणाने इथेही होतं.

उपाय सोपा वाटतो. हँडगार्ड फक्त मागे, बॅरल नटलाच पक्का करायचा. पुढे तो नळीला कुठेही शिकवायचा नाही. यालाच फ्री-फ्लोट म्हणतात. फ्रंट साइट काढून तिच्या जागी बुटका गॅस ब्लॉक लावला की हँडगार्ड त्याच्यावरूनही पुढे जाऊ शकतो. या एका बदलाने लांबी आणि गॅसचं छिद्र यांचं लग्न मोडलं. पहिल्यांदाच डाव्या हाताला विचारता आलं की तुला किती जागा हवी?

अमेरिकन स्पेशल फोर्सेससाठी डॅनिअल डिफेन्सच्या आरआयएस-2 रेलची निवड 2005 मध्ये झाली. साडेचौदा इंची नळीवर सव्वाबारा इंचांची रेल, आणि 10.3 इंची नळीच्या एमके-18 वर साडेनऊ इंचांची. पुढे 2018 च्या सुमाराला यूआरजी-आय नावाने आलेल्या सुधारित वरच्या भागात रेल तेरा इंचांच्या आसपास गेली. गॅसचं छिद्रही थोडं पुढे, मधल्या जागी आलं. फोटोत दिसणारी लांब रेल ती हीच.

लांबी वाढण्याचं खरं कारण रात्र होतं. नाइट व्हिजन डोळ्यावर असताना साइटमधून पाहणं अवघड, म्हणून इन्फ्रारेड लेझरच साइट होतो. तो हाताच्या पुढे हवा, नाहीतर हात किंवा टॉर्च त्याच्या वाटेत येते. त्याच सुमाराला स्पर्धेतल्या नेमबाजांची पकड सैन्यात आली. हात लांब पुढे टाकायचा, अंगठा वर ठेवायचा, नळी दोन लक्ष्यांमध्ये पटकन फिरवायची. या पकडीला सात इंच पुरतच नाहीत.

पण लांब रेलची स्वतःची गोम आहे. ती एकाच टोकाला धरलेली असते. लेझर टोकाजवळ, हाताचा दाबही टोकाजवळ. तेरा इंच म्हणजे 33 सेंटिमीटर. टोक एक तृतीयांश मिलिमीटर झुकलं, म्हणजे तीन-चार केसांच्या जाडीएवढं, तर लेझरचा ठिपका 100 मीटरवर 10 सेंटिमीटर सरकतो आणि 200 मीटरवर 20. नळी सरळच आहे, रेड डॉट बरोबर आहे, फक्त रात्रीची साइट खोटं बोलते आहे. म्हणून चांगल्या लांब रेलमध्ये पैसा लांबीचा नसतो. तो मागच्या पकडीचा असतो, बॅरल नट किती रुंद आणि किती घट्ट आहे त्याचा असतो. स्वस्त तेरा इंचांपेक्षा पक्की नऊ इंची रेल रात्री जास्त खरी.

वजन काट्यावर नाही, खांद्यावर

चारही बाजूंना दात असलेली सव्वाबारा इंची रेल जड होते, हे सगळ्यांच्या लवकरच लक्षात आलं. म्हणून दात फक्त वर ठेवायचे आणि बाकी तीन बाजूंना नुसत्या खाचा पाडायच्या, हवं तिथेच छोटा तुकडा लावायचा, ही कल्पना पुढे आली. 2012 मध्ये की-मॉड आणि 2014 मध्ये मॅगपुलचं एम-लॉक. अमेरिकन नौदलाच्या क्रेन इथल्या केंद्राने दोन्ही तपासली आणि एम-लॉक सरस ठरलं. आपल्या जवानांच्या हातातही ते आलं आहे. 2019 मध्ये 72,400 सिग-716 रायफलींची मागणी नोंदवली गेली, तिच्या हँडगार्डवर याच खाचा आहेत.

खाचा आल्या आणि लांब रेल हलकी झाली. त्यामुळे लांबीला काही किंमतच नाही असा समज पसरला. इथेच सावध राहायला हवं. 200 ग्रॅमची टॉर्च खांद्यापासून 40 सेंटिमीटरवर लावा किंवा 70 वर, वजनकाटा एकच आकडा दाखवेल. खांदा आणि डावा दंड दाखवणार नाहीत. 70 सेंटिमीटरवर तिचा भार पावणेदोन पट होतो. रेंजवर दहा मिनिटांत हे कळत नाही. रात्रभर चाललेल्या गश्तीत, पहाटे चारला, चढ संपून दरवाजासमोर उभं राहिल्यावर कळतं. नळी हळूहळू खाली यायला लागते. ती खाली आलेली असते नेमकी त्याच क्षणी, जेव्हा ती वर हवी असते. हलकी कार्बाइन देऊन तिच्या नाकावर वजन टांगणं म्हणजे बैल हलका घेऊन गाडी पुढून भरणं.

तर मग किती इंच?

आपल्याकडे हा प्रश्न आता नुसत्या गप्पांचा राहिलेला नाही. 9 एमएम कार्बाइनच्या जागी 5.56 ची नवी कार्बाइन आणायचं काम बरीच वर्षं चाललं आहे. 2022 मध्ये सुमारे सव्वाचार लाख कार्बाइनसाठी निविदेची प्रक्रिया सुरू झाली, आणि पुण्याच्या एआरडीई या डीआरडीओच्या प्रयोगशाळेने तिच्यासाठी रचना केली. पाषाणच्या टेकडीशी बसलेल्या अभियंत्यांनी ठरवलेल्या इंचांवर द्रासच्या जवानाचा हातमोजा टेकणार आहे. म्हणून वापरणाऱ्यानेही विचार करून मत द्यावं. मी पोरांना चार प्रश्न विचारायला सांगतो.

पहिला, नळी किती? रेल नळीच्या तोंडाच्या थोडी मागेच संपावी. बोटं तोंडापुढे जाता कामा नयेत आणि भडका रेलवर येता कामा नये. दहा-साडेदहा इंची नळीला म्हणून नऊ-साडेनऊच्या पुढे जायचं कारण नाही, आणि तिथे बोटं अडवणारा छोटा थांबा लावलाच पाहिजे. सप्रेसर लावणार असाल तर तो रेलच्या आत किती जातो तेही बघा. तापलेला सप्रेसर रेलला भट्टी करतो.

दुसरा, हात नैसर्गिकपणे कुठे जातो? डोळे मिटून, प्लेट आणि पाउच घालून, तुमच्या हवामानातले हातमोजे घालून शस्त्र खांद्याला लावा. हात जिथे थांबला तिथून पुढे चार बोटं, एवढीच रेल पकडीसाठी लागते. बुटक्या जवानाचा हात उंच जवानाच्या फोटोवरून मोजू नये.

तिसरा, टांगायचं काय आहे? फक्त टॉर्च आणि स्लिंग असेल तर साडेचौदा इंची नळीवरही नऊ-दहा इंच पुरेसे आहेत. शस्त्र हलकं राहील. रात्रीचा लेझर रोजच्या कामाचा असेल तरच बारा-तेराला अर्थ आहे, आणि तेव्हा पक्की पकड असलेलीच रेल घ्यावी.

चौथा, शस्त्र टेकवून मारणार का? सँडबॅग, भिंत, खडक यांवर टेकवायचं असेल तर फ्री-फ्लोट हवाच, लांबी काहीही असो. दोन्ही टोकांना नळीच्या आधाराने उभा असलेला जुना सात इंची हँडगार्ड फक्त तिथेच ठेवावा, जिथे अंतर कमी आहे आणि साधेपणा जास्त मोलाचा आहे. तो स्वस्त आहे, हाताला सौम्य आहे आणि अंधारातही सुटा करून साफ करता येतो. म्हणून त्याला नावं ठेवू नयेत.

या चार उत्तरांतून बहुतेकांच्या हलक्या कार्बाइनचा आकडा नऊ ते दहा इंचांत येतो, असा माझा अनुभव. तेरा इंच ज्यांना लागतात त्यांना रात्रीच्या कामासाठी लागतात, आणि ते काम करणाऱ्यांना सहसा हा प्रश्न विचारावा लागत नाही. बाकीच्यांनी रेल घेण्याआधी रात्रभर शस्त्र गळ्यात घालून चालून बघावं. पहाटे डावा हात स्वतःच सांगतो त्याला किती जागा हवी ते.